दिशा बदलली की स्वर बदलतो

गणिताच्या तासाला शिकलेलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह कागदावर काढा. टोक डावीकडे, तोंड उजवीकडे उघडं. कॅनडातल्या क्री लोकांच्या भाषेत हा झाला 'प'. आता कागद फिरवून टोक वर आणा, झाला 'पि'. टोक उजवीकडे आलं की 'पो'. आणि टोक खाली आलं, म्हणजे रोमन व्ही दिसू लागला, की 'पे'. एक ओळ संपली. क्री भाषेच्या मूळ तक्त्यात स्वरांचे रकाने चारच, त्यामुळे या प्रकाराला बाराखडीऐवजी चौखडी म्हणायला हरकत नाही.

दुसरी ओळ रोमन यूच्या आकाराची. तोंड वर असेल तर 'ते', खाली 'ति', डावीकडे 'तो', उजवीकडे 'त'. 'क', 'म', 'न' या ओळींत अक्षर गोल फिरत नाही, आरशात पाहिल्यासारखं कधी आडवं तर कधी उभं उलटतं. मूळ आकार नऊ, प्रत्येकाच्या दिशा चार, म्हणजे छत्तीस अक्षरं. शब्दाच्या शेवटी स्वर नसलेलं व्यंजन आलं तर वरच्या अंगाला एक बारीक चिन्ह द्यायचं. मध्ये 'व'चा उच्चार आला तर शेजारी टिंब. एवढं पाठ केलं की क्री माणूस आपल्या भाषेतला कुठलाही शब्द लिहू शकतो आणि वाचू शकतो. जोडाक्षरं नाहीत, रफार नाही, शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका नाही.

तिकडे या लिपीला नुसतं 'सिलॅबिक्स' म्हणतात. क्री, ओजिब्वे, नास्कापी आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची इनुक्तितुत या भाषांनी ती आपलीशी केली आहे. कॅनडात क्री बोलणारे आज ८० हजारांहून अधिक आहेत, इनुइट भाषा बोलणारे ४० हजारांच्या घरात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी ही वस्ती, आणि ती पसरलेली आहे भारताहून मोठ्या मुलखात. इतक्या थोड्या लोकांच्या लिपीला छापखान्यापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक नव्या यंत्राने काहीतरी किंमत मोजायला लावली, आणि ती किंमत दर वेळी नेमकी कोणती होती, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

लिपीच्या जन्माची जी हकिगत पाठ्यपुस्तकांत येते तिचा नायक जेम्स एव्हान्स. जन्म १८०१, इंग्लंडमधल्या हल बंदरातला. तरुणपणी दुकानात नोकरी, तिथेच शॉर्टहँड शिकला, मग कॅनडाला आला आणि मेथडिस्ट मिशनरी झाला. ओजिब्वे मुलांना शिकवता शिकवता त्याने त्यांची भाषा रोमन लिपीत बसवली आणि १८३७ मध्ये न्यूयॉर्कला तिचं एक अंकलिपीवजा पुस्तक छापून घेतलं. ओजिब्वे आणि क्री या लांबलचक शब्दांच्या भाषा. रोमन लिपीत एकेक शब्द आगगाडीसारखा होतो आणि शिकणारा मध्येच दमतो. १८४० मध्ये एव्हान्सची बदली विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाला नॉर्वे हाउस इथे झाली. हडसन्स बे कंपनीचं ते मोठं ठाणं. तिथे, त्याच वर्षी, क्री भाषेसाठी ही लिपी तयार झाली.

इथे आपला संबंध येतो. व्यंजनाचा आकार मूळचा तोच ठेवायचा आणि स्वरानुसार त्यात ठरावीक फरक करायचा, ही कल्पना रोमन लिपीत कुठेच नाही. देवनागरीत ती आहे. एव्हान्सच्या काळात बायबल सोसायट्यांच्या आणि सेरामपूरच्या छापखान्याच्या कामामुळे भारतीय लिप्यांतली पुस्तकं मिशनरी जगात ओळखीची झाली होती, त्यामुळे देवनागरीचा नमुना एव्हान्ससमोर होता असं अनेक अभ्यासक मानतात. काही जण पुढे जाऊन एकेक आकार देवनागरीच्या अर्ध्या अक्षरांशी जुळवून दाखवतात. ते मात्र मला ओढूनताणून वाटतं. साध्या रेघा आणि त्यांच्या दिशा शॉर्टहँडमधून आलेल्या दिसतात. आपल्या मात्रांची आठवण करून देते ती त्यामागची व्यवस्था.

क्री लोकांच्या तोंडी परंपरेत मात्र ही गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात लिपी एव्हान्सची नाही. मिस्तानाकोवेव, म्हणजे हाका मारणारा बॅजर, नावाचा एक क्री माणूस वारला, आत्म्यांच्या लोकात गेला आणि तिथून ही अक्षरं घेऊन परत आला. बर्चच्या सालीवर ती खुणावलेली होती. फाइन डे या क्री प्रमुखाने ही कथा १९३० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मँडेलबाम यांना सांगितली. पुराव्याच्या कसोटीवर एव्हान्सची कागदपत्रं जड पडतात यात शंका नाही. तरीही क्री लोकांनी ही लिपी बाहेरून आलेली वस्तू मानली नाही, ती आपल्या पूर्वजाने मरण ओलांडून आणलेली मानली. मिशन बंद पडली, पाद्री बदलले, पण लिपी टिकली. त्यामागे ही श्रद्धा निश्चित आहे.

छापखान्याची कथा तर कुणालाही आवडेल अशी आहे. एव्हान्सला कंपनीने आधी छपाईयंत्र आणू दिलं नाही. मग त्याने लाकडात अक्षरं कोरून साचे केले. चहाच्या पेट्यांना आतून शिशाच्या पत्र्याचं अस्तर असे, ते आणि बंदुकीच्या गोळ्या वितळवून खिळे पाडले. शाई म्हणून काजळी आणि स्टर्जन माशाचं तेल. केसाळ कातड्यांचे गठ्ठे दाबायचं जे यंत्र कंपनीच्या ठाण्यावर असे, त्याचाच छापायला उपयोग केला. कागद कमी म्हणून बर्चची साल; हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच भाऊबंद. नोव्हेंबर १८४० मध्ये एका भजनाच्या ३०० प्रती निघाल्या, आणि १८४१ मध्ये छोटं भजनपुस्तक.

याच छापखान्यात यंत्राने लिपीला पहिला धक्का दिला. हाताने लिहिताना एव्हान्स ऱ्हस्व स्वराला बारीक रेघ आणि दीर्घ स्वराला जाड रेघ वापरी. वेडावाकडा ओतलेला शिशाचा खिळा ही बारीक-जाड नजाकत कुठून दाखवणार? म्हणून दीर्घ स्वरासाठी अक्षराची रेघ मध्येच तुटकी करून पाहिली. शेवटी अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायची रीत पडली, आणि ती आजही चालू आहे. पण तेही टिंब देण्याचा कंटाळा अनेक जण करतात. ऱ्हस्व-दीर्घाची हेळसांड फक्त मराठीतच होते असा आपला समज असेल तर तो काढून टाकायला हवा.

लिपीचा प्रसार मिशनऱ्यांच्या वेगाने झाला नाही, शिकाऱ्यांच्या वेगाने झाला. एकाने दुसऱ्याला शेकोटीपाशी शिकवायचं, जळक्या काटकीने सालीवर गिरवायचं. पुढच्या ठाण्यांवर पाद्री पोचले तेव्हा तिथे वाचता येणारी माणसं आधीच होती. १८६१ मध्ये संपूर्ण बायबल क्री सिलॅबिक्समध्ये लंडनला छापलं गेलं. त्याच्या भाषांतरात हेन्री स्टाइनहाउअर आणि जॉन सिंक्लेअर या स्थानिक माणसांचा मोठा वाटा होता, पण मुखपृष्ठावरचं श्रेय विल्यम मेसन या गोऱ्या पाद्रीला मिळालं. एव्हान्स हे पाहायला नव्हता. आरोपांच्या भोवऱ्यात सापडून तो इंग्लंडला परतला आणि १८४६ मध्ये वारला.

जॉन हॉर्डन आणि एडविन वॉटकिन्स यांनी ही लिपी इनुक्तितुतला जुळवून घेतली आणि १८७६ पासून एडमंड पेक याने ती हडसन उपसागराच्या किनाऱ्याने आणि पुढे बॅफिन बेटावर नेली. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात आद्रियां-गाब्रिएल मोरिस या पाद्रीने १८८५ मध्ये कॅरियर, म्हणजे दकेल, भाषेसाठी सिलॅबिक्सचा स्वतंत्र संच केला. त्या भाषेत व्यंजनांचा नुसता सुकाळ, त्यामुळे त्या संचात शेपट्या, गाठी, आडव्या रेघा अशी बरीच भर पडली. हे सगळे प्रकार पुढे संगणकाच्या एकाच कप्प्यात येऊन बसणार होते.

अमेरिका खंडातली दुसरी मोठी अवयवलिपी, म्हणजे शब्दातल्या एकेका उच्चारखंडाला एक अक्षर देणारी लिपी, चेरोकींची, आणि तिचा जन्मदाता कुणी पाद्री नव्हता. सिक्वोया हा चांदीचं काम करणारा कारागीर. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोऱ्यांची पुस्तकं पाहून त्याला एवढंच कळलं की बोलणं कागदावर उतरवता येतं. वर्षानुवर्षं खपून त्याने १८२१ मध्ये आपली लिपी पुरी केली. आपल्या लहान मुलीला, अयोकाला, आधी शिकवलं आणि तिच्याकडून वाचून घेऊन लोकांची खात्री पटवली. या लिपीत फिरवाफिरवी नाही. प्रत्येक अवयवाला वेगळं अक्षर, एकूण ८५. काही आकार रोमनसारखे दिसतात आणि उच्चार भलताच. रोमन डब्ल्यूसारखं दिसतं ते 'ला', डीसारखं ते 'अ', एचसारखं ते 'मि'. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं, त्याचे खिळे बोस्टनला ओतले होते. दहा वर्षांत त्याच चेरोकींना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकललं गेलं आणि वाटेत हजारो मेले. लिपी मात्र सोबत गेली.

आता यंत्रांकडे वळू.

विसाव्या शतकात कचेऱ्यांत आयबीएमचा सिलेक्ट्रिक टायपरायटर आला. त्यात प्रत्येक अक्षराची स्वतंत्र दांडी नसे. गोल्फच्या चेंडूएवढा गोळा असे, त्याच्यावर सगळी अक्षरं उठवलेली. बटण दाबलं की गोळा गर्रकन फिरून ते अक्षर कागदावर आपटायचा. गोळा बदलला की लिपी बदलली, त्यामुळे लहान भाषांना हे यंत्र वरदानच वाटलं. अडचण एकच, गोळ्यावर जागा ८८ अक्षरांची. इनुक्तितुतला तीन मूळ स्वर आणि त्यांच्या जोडीला 'ऐ'चा रकाना. क्रीत टोक खाली केलेलं जे 'पे', तेच इनुक्तितुतमध्ये 'पै'. व्यंजनागणिक ही चौथी दिशा धरली तर गोळा पुरेना. १९७६ मध्ये इनुइट कल्चरल इन्स्टिट्यूटने लिपीचं प्रमाणीकरण केलं तेव्हा 'ऐ'चा अख्खा रकाना उडवला. 'पै' लिहायचं तर 'प' काढून पुढे 'इ' काढायचा. आपल्याला उद्या कुणी सांगितलं की गोळ्यावर जागा नाही, आजपासून 'मैना' हा शब्द 'मइना' असा लिहा, तर आपण काय म्हणू? क्वेबेकच्या उत्तरेकडच्या नुनाविकमधल्या इनुइटांनी तेच म्हटलं आणि पुढे आपला रकाना परत आणला. आज नुनावुत म्हणतात त्या प्रदेशात मात्र तो गेला तो गेलाच. सिलेक्ट्रिक टायपरायटर कधीच भंगारात गेले. त्यांनी घालून दिलेलं शुद्धलेखन मुलं आजही शाळेत गिरवत आहेत.

संगणक आले तेव्हा अक्षरांना जागा कमी पडायचं कारण नव्हतं, पण सुरुवातीच्या यंत्रणा रोमन लिपीपुरत्या होत्या. मग जी युक्ती आपल्याकडे केली गेली तीच तिकडे केली गेली. संगणकाला सांगायचं की तू 'के' छापतो आहेस, आणि फाँटमध्ये 'के'च्या जागी आपलं अक्षर काढून ठेवायचं. शिवाजी, श्रीलिपी, आकृती यांचे जुने फाँट ज्यांनी वापरले त्यांना यापुढचं समजावून सांगायला नको. तिकडे नुनाकॉम आणि प्रोसिल हे असे फाँट होते. नुनाकॉममध्ये 'नुनावुत' हा शब्द पडद्यावर चार नीट सिलॅबिक अक्षरांत दिसे. संगणकाच्या पोटात मात्र तो 'के, एन, के, पाच' असा साठवलेला असे. 'इनुइट' म्हणजे 'डब्ल्यू, के, डब्ल्यू, पाच'. ज्याच्याकडे फाँट नाही त्याला हाच कचरा दिसणार. दोन फाँटांच्या कळा जुळत नसल्याने एकात टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की तिसराच अवतार. शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, इंटरनेटवर टाकलं तर कुणाला सापडत नाही. सरकारी कागद, शाळेची पुस्तकं, आजीआजोबांच्या सांगितलेल्या आठवणी, सगळं असं कुलूपबंद झालं आणि पुढे ते उघडण्यासाठी खास रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या लिहाव्या लागल्या.

युनिकोडने या गोंधळाला उत्तर दिलं ते असं : जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, मग फाँट कोणताही असो. कॅनडात त्यासाठी भाषिक समाजांचे प्रतिनिधी आणि तंत्रज्ञ मिळून एक समिती झाली, कॅनेडियन ॲबोरिजिनल सिलॅबिक एन्कोडिंग कमिटी. क्री, ओजिब्वे, इनुक्तितुत, कॅरियर, ब्लॅकफूट, देने या सगळ्यांचे तक्ते समोर ठेवून समितीने एक सामाईक यादी केली. आकार तोच असेल तर उच्चार वेगळा असला तरी क्रमांक एक. अशी ६३० अक्षरं सप्टेंबर १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये दाखल झाली. चेरोकीची ८५ अक्षरंही त्याच आवृत्तीत आली. त्याच वर्षी १ एप्रिलला नुनावुत हा इनुइटबहुल प्रदेश कॅनडाच्या नकाशावर आला होता. नव्या सरकारला पहिल्या दिवसापासून इनुक्तितुतमध्ये कारभार करायचा होता, त्यामुळे हे क्रमांक अगदी वेळेवर मिळाले.

या यादीची घडण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मराठीत 'पि' टाइप केलं की संगणकात दोन क्रमांक जातात, 'प'चा एक आणि वेलांटीचा एक. वेलांटी नंतर टाइप करायची आणि पडद्यावर ती आधी दिसायची, ही कसरत फाँट पार पाडतो. सिलॅबिक्समध्ये असं काही नाही. 'पि'चा क्रमांक १४३१, 'पो'चा १४३३, 'प'चा १४३८. हे सोळा-आधारी पद्धतीने लिहिलेले आकडे. प्रत्येक अक्षर स्वतंत्र, त्यामुळे पडद्यावर दाखवणं अत्यंत सोपं. पण ज्या खुबीमुळे ही लिपी एका संध्याकाळी शिकता येते, ती खुबी संगणकाला माहीतच नाही. 'प' फिरवला की 'पि' होतो हे क्री मुलाला कळतं, यादीला कळत नाही. तिच्या लेखी हे परस्परांशी काही संबंध नसलेले तीन आकडे. सोय आणि समज यांच्यात समितीने सोय निवडली, आणि त्या काळचे संगणक पाहता माझ्या मते तेच बरोबर होतं.

काही गाठी मात्र नीट सुटल्या नाहीत. 'व'चं टिंब पश्चिमेकडचे क्री अक्षराच्या उजवीकडे देतात, पूर्वेकडचे डावीकडे. समितीने टिंबाला वेगळा क्रमांक न देता टिंबासकट अख्ख्या अक्षराला क्रमांक दिला, तोही दोन्ही पद्धतींना वेगवेगळा. त्यामुळे हडसन उपसागराच्या दोन बाजूंना लिहिलेला तोच 'प्वे' संगणकाला दोन निराळी अक्षरं वाटतो, आणि एका बाजूचा शब्द शोधला तर दुसऱ्या बाजूचा मजकूर सापडत नाही. आपल्याकडे 'ॲ'चं असंच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्यावर अर्धचंद्र देत, आणि अजूनही कित्येक जण देतात. दिसायला दोन्ही एकच, पण 'ॲड' शोधणाऱ्या साध्या यंत्रणेला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला 'ॲड' सापडेलच असं नाही.

क्रमांक मिळाल्यावर ही अक्षरं भलत्यांच्याही हाती गेली. कॅरियर संचातली काही अक्षरं रोमन ए, बी, डीसारखी दिसतात, म्हणून समाजमाध्यमांवर नाव ऐटदार दिसावं यासाठी पोरं ती सर्रास वापरतात. आपण दकेल भाषेतली अक्षरं टाइप करतो आहोत याचा त्यांना पत्ताही नसतो. एका प्रोग्रामरने तर कमालच केली. गो या संगणकभाषेत २०२२ पर्यंत जेनरिक्स, म्हणजे एकच आज्ञावली अनेक प्रकारच्या माहितीसाठी लिहिण्याची सोय, नव्हती. अनेक भाषांत ती लिहायला कोनदार कंस लागतात. त्याने क्री 'प' आणि 'पो' घेऊन आपल्या नावांत कंस असल्याचा आभास केला. संगणकाच्या दृष्टीने ती साधी अक्षरं असल्यामुळे त्याने काही कुरकुर केली नाही. चातुर्य मान्य आहे, पण ते अक्षर ज्यांचं आहे त्यांचा उल्लेख त्या विनोदात क्वचितच येतो.

यादी अपुरी होती हे हळूहळू उघड झालं. २००९ मध्ये युनिकोड ५.२ मध्ये आणखी ८० अक्षरं घातली गेली. तरीही नुनावुतमधल्या जोआ हेवन, तालोयोआक आणि कुगारुक या वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या नात्तिलिक बोलीची बारा अक्षरं बाहेरच राहिली. त्या बोलीत 'ह'चा आणि दुसरा एक खास 'श्र'सारखा उच्चार आहे, जो शेजारच्या बोलींत नाही. हाताने लिहिताना लोक आपली अक्षरं काढत होते. संगणकापाशी बसले की त्यांना शेजाऱ्यांच्या अक्षरांवर भागवावं लागे, म्हणजे आपल्याच नावाचा उच्चार चुकवून लिहावा लागे. टायपोथेक या अक्षररचना संस्थेतर्फे केविन किंग या कॅनेडियन अक्षररचनाकाराने नात्तिलिक भाषकांबरोबर बसून प्रस्ताव तयार केला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये युनिकोड १४ मध्ये ती बारा अक्षरं आली. त्यांच्याबरोबर आणखी चार आली. एव्हान्सच्या मूळ तक्त्यात 'स्प' या उच्चाराची एक ओळ होती, ती पुढे वापरातून गेली. ती ओळही याच वेळी यादीत बसली, म्हणजे १८४० चा तक्ता संगणकावर जसाच्या तसा उमटवायला २०२१ साल उजाडावं लागलं. आज तिन्ही वेळची मिळून ७२६ अक्षरं आहेत.

त्याच आवृत्तीत कॅरियर अक्षरांची एक जुनी तक्रारही मिटली. युनिकोडच्या तक्त्यात त्यांच्यातल्या काही अक्षरांचे नमुना-आकारच चुकीचे छापले होते. जगभरचे फाँट बनवणारे तो तक्ता पाहून काम करतात, त्यामुळे चूक प्रत्येक फाँटमध्ये, आणि फाँटमधून प्रत्येक फोनमध्ये उतरली. नाकाझ्दली व्हुतेन या समाजातल्या भाषकांनी योग्य आकार दाखवून दिल्यावर तक्ता सुधारला. आकार सुधारता येतो. अक्षराला एकदा दिलेलं अधिकृत नाव मात्र युनिकोड कधीच बदलत नाही, ते चुकलेलं असलं तरी. आपलं दस्तऐवजांचं खातं परवडलं, निदान तिथे अर्ज तरी करता येतो.

क्रमांकानंतर फाँट लागतो, कळफलक लागतो, आणि फोनमध्ये ते आधीपासून बसवलेले असावे लागतात. नुनावुत सरकारने टायरो टाइपवर्क्सकडून पिगिआर्निक हा फाँट करून घेतला. त्याच रचनाकारांचा युफेमिया २००७ पासून विंडोजबरोबर येऊ लागला. चेरोकी राष्ट्राने थेट कंपन्यांचे दरवाजे ठोठावले आणि २०१० मध्ये आयफोनवर आपली लिपी आणली. २०१५ मध्ये चेरोकीला छोटी अक्षरंही मिळाली, पण उलट्या क्रमाने : आधीची अक्षरं मोठी ठरली आणि नवी आली ती छोटी. इतर लिप्यांत संगणक तुलना करताना मोठ्या अक्षरांची छोटी करून पाहतो, चेरोकीत छोट्यांची मोठी. जगातल्या अनेक आज्ञावल्या अजूनही इथे ठेचकाळतात.

नुनावुतच्या विधानसभेचं कामकाज इंग्रजी आणि इनुक्तितुत अशा दोन्ही भाषांत नोंदलं जातं. त्या नोंदींतून १३ लाखांच्या आसपास वाक्यजोड्यांचा संग्रह २०२० मध्ये खुला झाला. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या भाषांतर सेवेत इनुक्तितुत आली. सभागृहातल्या वादविवादांवर शिकलेलं यंत्र अर्थसंकल्पाचं भाषांतर बरं करतं. सील सोलण्याबद्दल आजी काय म्हणाली ते विचारलं तर चाचपडतं. हे अपेक्षितच आहे.

आणि आता सगळ्यात अवघड प्रश्न. कॅनडातल्या इनुइटांच्या चार प्रदेशांत मिळून नऊ लेखनपद्धती आहेत, काही सिलॅबिक, काही रोमन. लाब्राडोरच्या मुलाला नुनावुतचं पुस्तक वाचता येत नाही, बोली समजत असली तरी. म्हणून इनुइट तापिरीत कनातामी या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये एक सामाईक रोमन पद्धत स्वीकारली. सिलॅबिक्स बंद करण्याचा ठराव झालेला नाही, दोन्ही चालू राहतील असं सांगितलं गेलं. बायबल, पत्रं, बर्फावरच्या प्रवासाच्या वह्या या लिपीत लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र पुढचं चित्र दिसतंच आहे. एकच पुस्तक चार प्रदेशांतल्या मुलांना पुरलं तर छपाईचा खर्च वाचतो, शिक्षक मिळतात, हा मुद्दा खोटा नाही. तरी मला या निर्णयात एक मोठा फरक दिसतो. १९७६ मध्ये 'ऐ'चा रकाना गेला तो गोळ्यावर जागा नव्हती म्हणून. २०१९ च्या वेळी दोन्ही लिप्या फोनवर सारख्याच सहज टाइप होत होत्या, आणि लोकांनी आपसात भांडून, मतं घेऊन ठरवलं. ठरवलेलं पटो न पटो, ते त्यांनी ठरवलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये कॅनडातली पहिली आदिवासी भाषा म्हणून इनुक्तुत (इनुइटांच्या सगळ्या बोलींचं सामाईक नाव) आली. ती सिलॅबिक्स आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत दिलेली आहे.